वरच्या जबड्याच्या कॅन्सरनंतर दात कधी बसतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील 58 वर्षांचे, उजव्या वरच्या जबड्यात कॅन्सर, साधारण दोन आठवड्यांत ऑपरेशन. उजवीकडचा वरचा जबडा आणि त्या बाजूची टाळू काढावी लागणार, पुढे बहुधा रेडिएशन. सर्जन एवढंच म्हणाले, ‘नंतर प्लेट बसवून देतील.’ त्यावर तुम्ही विचारताय की दात कधी बसतील, इम्प्लांटवर (हाडात रोवलेल्या स्क्रूवर) पक्के बसतील का, बोलणं पूर्वीसारखं होईल का, आणि प्लेटच्या भानगडीत पडण्यापेक्षा फ्लॅप (शरीराच्या दुसऱ्या भागातून आणलेलं मांस किंवा हाड) लावून टाळूचं भोक बंदच करून घ्यावं का. शिवाय ओळखीतल्या एकांना ऑपरेशनच्या दिवशीच दात मिळाले, मग बाबांना का नाही, हेही.

मी प्रॉस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कृत्रिम दात आणि जबड्याचे भाग बसवणारा दंतवैद्य आहे. कॅन्सर काढल्यानंतर तोंड पुन्हा कामाचं करणं हेच माझं रोजचं काम. रिपोर्ट आणि तोंड न पाहता बाबांबद्दल नेमकं काही सांगणं बरोबर नाही, पण विचार कोणत्या क्रमाने करायचा ते सांगू शकतो. सगळ्यात आधी, ‘नंतर प्लेट’ यातला ‘नंतर’ मला खटकला. प्लेट बसते नंतर, हे खरं. पण ती घट्ट बसणार की आयुष्यभर हलत राहणार, हे बरंचसं ऑपरेशन टेबलावरच ठरून जातं. म्हणून या दोन आठवड्यांत प्रॉस्थोडॉन्टिस्टची एक भेट व्हायलाच हवी.

आता मूळ अडचणीकडे येऊ. घरच्यांच्या डोळ्यांना रिकामी जागा दिसते ती दातांची. बाबांना पहिल्या दिवसापासून जाचणार आहे ते टाळू नसणं. टाळू म्हणजे तोंड आणि नाक यांच्यातली भिंत. ती गेली की पाण्याचा घोट नाकातून बाहेर येतो, घास वरच्या पोकळीत जाऊन बसतो, आणि बोलताना हवा नाकावाटे निसटते. ‘प’, ‘ब’, ‘त’, ‘द’ उच्चारायला क्षणभर तोंडात हवा कोंडावी लागते. ती कोंडता येत नाही म्हणून तोंडातून ‘बाबा’ निघालं तरी ऐकणाऱ्याला ‘मामा’ ऐकू येतं. दात नसलेला माणूस मऊ खाऊन, थोडं बोबडं बोलून दिवस काढू शकतो. टाळू नसलेल्याला धड पाणीही पिता येत नाही. त्यामुळे आमचं पहिलं काम ही भिंत उभी करणं, त्यानंतर तोंड उघडतं ठेवणं आणि उरलेले दात जपणं. नवे दात त्याच्याही नंतर येतात, आणि या तिन्हींवर उभे राहतात.

भिंतीचं काम करणाऱ्या या प्लेटला ऑब्च्युरेटर म्हणतात. कल्पना फार जुनी आहे. सोळाव्या शतकातले फ्रेंच सर्जन अँब्रोज पारे टाळूतलं छिद्र बुजवायला धातूची पट्टी आणि तिच्या वरच्या अंगाला स्पंज अशी रचना करत. स्पंज ओलाव्याने फुगायचा आणि पट्टी वर धरून ठेवायचा. आज स्पंजाच्या जागी अ‍ॅक्रिलिकचा पोकळ फुगवटा आला, बाकी तत्त्व तेच.

ऑब्च्युरेटर एकदा बनवला आणि संपलं, असं नसतं. तो तीन टप्प्यांत बनतो.

पहिला ऑपरेशनच्या वेळी बसवायचा. त्यासाठी माप आधीच घ्यावं लागतं. सर्जन कुठपर्यंत कापणार आहेत ते विचारून आम्ही प्लास्टरच्या साच्यावर तेवढा भाग उतरवतो आणि त्यावर साधी प्लेट बनवतो. ऑपरेशन संपता संपता ती तारांनी किंवा स्क्रूने उरलेल्या दातांना, हाडाला पक्की करतात. पोकळीत भरलेला गॉजचा पॅक तिच्यामुळे जागेवर राहतो, जखमेत अन्न जात नाही, आणि मुख्य म्हणजे माणूस शुद्धीवर येतो तेव्हा त्याच्या तोंडात भिंत असते. पहिला शब्द घरच्यांना कळला की रुग्णाला किती धीर येतो, ते वॉर्डात उभं राहिल्याशिवाय समजणार नाही. नाकातली अन्नाची नळीही अशांची सहसा लवकर निघते. साधारण आठवडा ते दहा दिवसांनी पॅकबरोबर ही प्लेट काढतात.

लगेच दुसरा, मधल्या काळातला ऑब्च्युरेटर लागतो. या काळात पोकळीचा आकार सतत बदलतो, कारण सूज उतरते आणि व्रण आकसतात. म्हणून त्याला आतून मऊ अस्तर लावतो आणि दर एक-दोन आठवड्यांनी ते बदलतो. या टप्प्यातली एक सूचना मी पुन्हा पुन्हा देतो: साफ करण्यापुरता सोडला तर तो काढून ठेवायचा नाही, रात्रीसुद्धा नाही. ‘दुखत होतं म्हणून दोन दिवस घातला नाही’ असं म्हणत येणाऱ्यांच्या तोंडात तो परत जात नाही, कारण तेवढ्यात व्रण आवळला जातो. दुखत असेल तर फोन करा. घासून देणं पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरा, कायमचा. जखम पूर्ण भरून आकार स्थिरावला की तो करतो, बहुधा तीन ते सहा महिन्यांनी, रेडिएशन झालं असेल तर आणखी उशिरा. यात कोबाल्ट-क्रोमची पातळ चौकट असते, उरलेल्या दातांना धरणारे आकडे असतात, उजवीकडे दात असतात आणि पोकळीत जाणारा फुगवटा हलका राहावा म्हणून आतून रिकामा असतो. तेव्हा ‘दात कधी’ याचं उत्तर असं: पुढचे, दिसणारे दात मधल्या ऑब्च्युरेटरवरही लावता येतात, म्हणजे काही आठवड्यांत. चावण्याच्या कामाचे दात, सगळं सुरळीत झालं तर, काही महिन्यांत. तेही चावायचं डावीकडूनच. पोकळीच्या बाजूला खाली आधार नसतो. तिथे जोर दिला की प्लेट आत दबते आणि दुसरीकडून उचकटते.

आता ऑपरेशनआधीची भेट का, ते. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त हवी असलेली माहिती नाही: बाबांचे डावीकडचे वरचे दात किती आहेत आणि किती घट्ट आहेत? ऑब्च्युरेटर त्यांनाच धरून राहणार आहे. सगळेच दात गेलेले असतील तर तो टिकवून धरणं कितीतरी अवघड, आणि इम्प्लांटचा विचार पहिल्या दिवसापासून करावा लागतो. दात असतील तर पुढचा मुद्दा छेद कुठून जाणार हा. अरामानी यांनी 1978 मध्ये अशा पोकळ्यांची वर्गवारी मांडली, ती आम्ही आजही वापरतो. पहिल्या वर्गात छेद बरोबर मध्यरेषेतून जातो आणि फक्त एका बाजूचे दात उरतात. दुसऱ्या वर्गात पोकळीच्या बाजूचेही पुढचे काही दात वाचलेले असतात. कागदावर फरक दोन-तीन दातांचा, तोंडात तो फार मोठा. पहिल्या वर्गात आधाराचे बिंदू जवळजवळ एका रेषेत येतात, आणि प्लेट एकाच बाजूला पाय असलेल्या टेबलासारखी कलते. दुसऱ्यात आधाराचा त्रिकोण मिळतो. उजवा सुळा वाचला तर माझं निम्मं काम झालं असं मी समजतो.

अर्थात, गाठीभोवती पुरेशी निरोगी कड ठेवून कापणं याला सगळ्यांच्या वर प्राधान्य. सुळा वाचवायला कॅन्सर मागे ठेवा, असं कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण कड पुरेशी राहत असेल तर सर्जनना काही गोष्टी जरूर विचारा. पोकळीला लागून जो शेवटचा दात राहणार, त्याच्या अगदी कडेने कापण्याऐवजी त्याच्या शेजारचा दात काढून त्या खड्ड्यातून हाड कापता येईल का? तसं केलं तर राहिलेल्या दाताच्या त्या बाजूला हाड शिल्लक राहतं आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. कडेने कापलं तर मूळ उघडं पडून तो दात काही काळात हलायला लागतो, आणि नेमका त्याच्यावरच सगळ्यात जास्त भार असतो. दुसरं, पोकळीच्या गालाकडच्या भिंतीला त्वचेचा पातळ थर लावणार का? जिथे त्वचा आणि गालाचं अस्तर जुळतं तिथे व्रणाची एक कड तयार होते, आणि ऑब्च्युरेटरचा फुगवटा त्या कडेवर छान अडकून राहतो. तिसरं, मागची मऊ टाळू किती जाणार? त्याचा बोलण्याशी संबंध आहे, त्याकडे येतोच. सर्जनना असे प्रश्न विचारताना संकोच नको. जे हे काम नेहमी करतात ते स्वतःच प्रॉस्थोडॉन्टिस्टला सोबत घेतात.

फ्लॅप की ऑब्च्युरेटर, यावर आमच्यातही एकमत नाही, आणि जो एकाच बाजूने ठाम बोलतो त्याच्यापासून मी जरा सावध राहतो. पोकळी लहान किंवा मध्यम, डोळ्याच्या खोबणीचा तळ शाबूत आणि पलीकडे चांगले दात, असं असेल तर ऑब्च्युरेटर उत्तम काम करतो. ऑपरेशन लहान होतं, आणि प्लेट काढून आत थेट पाहता येतं, म्हणजे कॅन्सर परत उगवला तर डोळ्यांना दिसतो. स्कॅन सुधारल्यामुळे हा शेवटचा मुद्दा पूर्वीइतका वजनदार राहिलेला नाही. पोकळी मोठी असेल, डोळ्याखालचा आधार जाणार असेल किंवा दातच नसतील, तर फ्लॅपचं पारडं जड होतं. पण फ्लॅप म्हणजे एकच गोष्ट नव्हे. पायातलं फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसकट आणून बसवलं तर त्यात पुढे इम्प्लांट लावता येतात. नुसतं मांडीचं मऊ मांस भरलं तर भोक बंद होतं, पाणी नाकात जात नाही, मात्र ते मांस कधी कधी तोंडात खाली लोंबतं आणि दातांना जागाच उरत नाही. त्यावर कवळी ठेवली की ती गादीवर ठेवल्यासारखी सरकते. म्हणून फ्लॅप ठरला तर एवढंच विचारा: ‘यावर दात कसे बसणार, हे कोणी आखलंय का?’

ओळखीतल्या त्या गृहस्थांचंही इथेच आलं. फिब्युलात इम्प्लांट आणि त्यावर दात, सगळं एकाच ऑपरेशनमध्ये करता येतं, त्यात खोटं काही नाही. पण संगणकावर सगळी आखणी आधी करायला वेळ लागतो, छेद कुठून जाणार हे पक्कं माहीत असावं लागतं आणि पुढे रेडिएशन नसलेलं बरं. त्यामुळे ते मुख्यतः कॅन्सर नसलेल्या गाठींमध्ये जमतं. बाबांची त्यांच्याशी तुलना करू नका.

रेडिएशनबद्दल सविस्तर लिहितो, कारण नंतरची बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. ऑपरेशननंतरचा डोस बहुधा 60 ते 66 ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), आठवड्याला पाच दिवस असे सहा-साडेसहा आठवडे. तोंड सोलवटणं तात्पुरतं असतं. लाळेच्या ग्रंथी आणि हाडातल्या बारीक रक्तवाहिन्यांवरचा परिणाम मात्र टिकून राहतो. लाळ आटली की दात हिरडीलगत, मानेपाशी किडतात, आणि इतक्या वेगाने की वर्षभरात धडधाकट दाताचा नुसता बुंधा उरतो. आणि असा दात रेडिएशन झालेल्या हाडातून काढायला गेलं की ती जखम न भरता हाड कुजण्याचा धोका असतो, खालच्या जबड्यात जास्त. त्यावर उपाय म्हणून दाबाखालच्या ऑक्सिजनचा सल्ला कोणी दिला तर हे लक्षात असू द्या: 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या होपॉन चाचणीत रेडिएशन झालेल्या खालच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेआधी-नंतर असा ऑक्सिजन देऊन हाड कुजण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही.

म्हणून वाचण्यासारखे नसलेले दात आधीच काढायचे, शक्यतो त्याच ऑपरेशनमध्ये, त्याच भुलीखाली. रेडिएशन साधारणपणे ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू करायचं असतं. तेवढ्यात ते खड्डे भरून येतात आणि वेळापत्रक बिघडत नाही. पण याच धास्तीपोटी ‘सगळेच काढून टाका, कटकट नको’ असंही सांगितलं जातं, त्याला माझा विरोध आहे. डावीकडची प्रत्येक घट्ट दाढ हा ऑब्च्युरेटरचा खुंटा आहे. ती फ्लोराइडने जपता येते: रोज रात्री ट्रेमधून फ्लोराइड जेल किंवा जास्त फ्लोराइडची, 5000 पीपीएमची टूथपेस्ट. हे कायमचं, लाळ परत आल्यासारखी वाटली तरी.

तोंड उघडणं. सर्वसाधारण माणसाचं तोंड पुढच्या दातांमध्ये 40 ते 50 मिलिमीटर उघडतं, 35 च्या खाली गेलं की आखडलं असं धरतात. चावण्याच्या स्नायूंजवळ ऑपरेशन, त्यावर रेडिएशन, म्हणजे आखडणारच, आणि ते हळूहळू, कळू न देता होतं. अगदी सुंदर ऑब्च्युरेटर तयार आहे आणि तो तोंडातून आत जात नाही, अशी वेळ येते. सर्जननी परवानगी दिली की व्यायाम सुरू करा: तोंड उघडून धरणं, जबडा बाजूला नेणं, सपाट लाकडी पट्ट्यांची चळत दातांमध्ये धरून हळूहळू एकेक वाढवणं. दिवसातून अनेकदा, थोडा थोडा वेळ. दर आठवड्याला पट्टीने मोजून वहीत लिहा. आकडा घसरला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. रेडिएशनमध्ये तोंड सोललेलं असताना हे नकोसं होतं, वेदनाशामक घेऊन करावं लागतं, आणि ते संपल्यावरही महिनोन्‌महिने चालू ठेवावं लागतं.

इम्प्लांट. बसतील का? बसू शकतात. लगेच हवेतच का? बहुधा नाही. रेडिएशन झालेल्या हाडात इम्प्लांट टिकण्याचं प्रमाण कमी असतं, आणि वरच्या जबड्यात खालच्यापेक्षा कमी. बहुतेक ठिकाणी रेडिएशननंतर सहा महिने ते वर्षभर थांबतात. तोवर कॅन्सर परत येतोय का याचाही अंदाज येतो. दुसरा मार्ग म्हणजे मूळ ऑपरेशनमध्येच ते लावून घेणं, रेडिएशनच्या आधी. गालाच्या हाडात जाणारे लांब, झायगोमॅटिक इम्प्लांट यासाठीच उपयोगी पडतात. जबड्याचं हाड गेलं तरी गालाचं हाड बऱ्याचदा शिल्लक असतं. बाबांचे डावीकडचे दात चांगले असतील तर मी आधी इम्प्लांटशिवाय करून पाहीन. दात नसतील तर याच आठवड्यात सर्जनशी झायगोमॅटिकबद्दल बोलेन. तंबाखू, सुपारी, सिगारेट यातलं काही चालू असेल तर ते आजच बंद, एरवी इम्प्लांटची चर्चा व्यर्थ आहे.

बोलणं. फक्त कडक टाळू जाणार असेल तर ऑब्च्युरेटर घातल्या घातल्या फरक कळतो आणि फोनवर अनोळखी माणसालाही समजेल इतकं बोलणं सहसा परत येतं. मऊ टाळू गेली की गोष्ट अवघड होते, कारण ती हलणारी वस्तू आहे. बोलताना उचलली जाते, श्वास घेताना खाली येते. आमचा फुगवटा स्थिर. घशाच्या भिंती त्याच्याभोवती आवळल्या जातील असा आकार शोधावा लागतो, म्हणून माप घेताना आम्ही रुग्णाला गिळायला, मान वळवायला, बोलायला लावतो. लहान झाला तर ‘बाबा’चं ‘मामा’ होतं. मोठा झाला तर सर्दी झाल्यासारखं ‘मामा’चं ‘बाबा’ होतं, आणि नाकाने श्वास घेता येत नाही. दोन्ही शब्द वेगळे ऐकू आले की मी थांबतो. त्यापुढचं काम स्पीच थेरपिस्टचं. खाली वाकून पाणी प्यायल्यावर थोडं नाकात येणं चांगल्या ऑब्च्युरेटरमध्येही होतं. सरळ बसून पिताना येत असेल तर मात्र दुरुस्ती हवी.

रोजची देखभाल फार नाही, पण चुकवून चालत नाही. प्रत्येक खाण्यानंतर काढून मऊ ब्रश आणि साबणाने धुणं, पोकळी मिठाच्या पाण्याने स्वच्छ करणं, आत खपल्या धरल्या तर ओढून न काढता भिजवून सैल करणं. उकळतं पाणी नको, अ‍ॅक्रिलिक वाकतं. ब्लीच नको, धातूची चौकट खराब होते. मऊ अस्तराला वास यायला लागला किंवा टाळू लालभडक झाली तर ती बहुधा बुरशी असते, औषधाने जाते, अस्तर मात्र बदलावं लागतं. कायमचा ऑब्च्युरेटर आल्यावर रात्री काढून पाण्यात ठेवायचा का, हे पोकळी किती मोठी आहे त्यावर ठरवू. सुरुवातीला आरशात पोकळी पाहायला बाबा तयार होणार नाहीत, तेव्हा घरातल्या एकाने पहिल्या भेटीतच घालणं-काढणं शिकून घ्यावं.

भेटीला जाताना बायोप्सीचा रिपोर्ट, सीटी किंवा एमआरआय, दातांचा पूर्ण एक्स-रे आणि बाबांचा हसतानाचा एखादा जुना फोटो न्या. दातांचा आकार-ठेवण त्यावरून जुळवता येते. माप घ्यायला आणि पहिली प्लेट बनवायला दोन-तीन दिवस पुरतात, त्यामुळे यासाठी ऑपरेशनची तारीख पुढे ढकलू नका. आणि कायमचा ऑब्च्युरेटर मिळाल्यावर मधला फेकून देऊ नका. नवा हातातून पडून तुटला की दुरुस्त होऊन येईपर्यंत बाबांचं खाणं-बोलणं त्याच्यावरच चालणार आहे. दर सहा महिन्यांच्या तपासणीला तोही सोबत आणा, म्हणजे बसतोय का ते पाहून लागेल तसं अस्तर बदलून देता येतं.